मबल-फबल्सची रजा

आमच्या ऑफिसात रजेच्या फॉर्मवर कारणाचा एक रकाना होता, आणि त्यात खरं कारण लिहायचं नसतं एवढी अक्कल प्रत्येकाला पहिल्या महिन्यातच यायची. शारजात भारत-पाकिस्तान मॅच असली की आमच्याकडे व्हायरल तापाची साथ यायची. साथ इतकी निःपक्षपाती, की दोन्ही देशांची टेबलं सारखीच ओस पडायची. दुसऱ्या दिवशी हरलेल्या बाजूचे रुग्ण खरोखर आजारी दिसायचे, जिंकलेले मात्र एका रात्रीत ठणठणीत. अ‍ॅडमिनला बसणारे केरळी गृहस्थ सगळे फॉर्म गंभीर चेहऱ्याने मंजूर करायचे. मॅचचं वेड त्यांनाही होतं, त्यामुळे त्यांचा स्वतःचा फॉर्मही त्याच गठ्ठ्यात असायचा.

या गठ्ठ्यात खरं लिहिणारा माणूस एकच, आमचे सर. महिन्यातून एकदा, बहुधा मंगळवारी, ते रजा घ्यायचे आणि कारणाच्या रकान्यात वळणदार इंग्रजी अक्षरांत लिहायचे : मबल-फबल्स.

मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो कपडे धुण्याच्या पावडरचा ब्रँड वाटला.

"जुना इंग्रजी शब्द आहे," ते म्हणाले. "चारशे वर्षांपूर्वी लोक वापरायचे. मन तळाला जाऊन बसणं. पार तळाला, जिथून वर बघायचाही कंटाळा येतो."

"मग डिप्रेशन लिहा ना सर."

"डिप्रेशन बंगालच्या उपसागरात होतं. हवामान खातं बघून घेईल."

"मेलँकली?"

"ती कवींना होते. पगारदार माणसाला होतं ते हे."

सगळं ऑफिस त्यांना सरच म्हणायचं. कऱ्हाडकडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवता शिकवता एक दिवस ते उठले आणि दुबईला आले. का आले हे त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. अल क्वोजमधली आमची कंपनी एसीचे डक्ट बनवायची, म्हणजे पत्र्याचे लांबलचक चौकोनी बोगदे. त्या पत्र्याच्या ठोकाठोकीत सर कंपनीचा पत्रव्यवहार सांभाळायचे. अंगात बारा महिने वहिनींनी विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर. बाहेर जुलैचं ऊन डांबर वितळवत असायचं, पण कंपनी एसीची असल्यामुळे ऑफिसात थंडी फुकट होती. दारातून बाहेर पडताना ते स्वेटर काढून हातावर घ्यायचे आणि आत शिरताना पुन्हा चढवायचे, मग मधे दोनच मिनिटं जाणार असली तरी.

त्यांच्या पत्रांवर आमचे लेबनीज जीएम फिदा होते. कन्सल्टंटने डक्टमध्ये खोट काढली की सर एक पानी उत्तर लिहायचे. त्यात 'नॉटविथस्टँडिंग' तीनदा यायचं आणि वाक्याचा शेवट दुसऱ्या परिच्छेदात सापडायचा. जीएम ते वाचायचे, त्यांना काही कळायचं नाही, आणि ते खुशीत सही ठोकायचे. "हबीबी, व्हेरी स्ट्राँग लेटर!" समोरच्यालाही काही कळत नसावं, कारण पुष्कळ वाद तिथेच खलास व्हायचे. मबल-फबल्स इतकी वर्षं बिनबोभाट मंजूर होत राहिलं तेही याचमुळे. कंपनीचं सगळं इंग्रजी ज्या माणसाकडून यायचं, त्याला एखाद्या शब्दाचा अर्थ विचारायचा म्हणजे आपलं अज्ञान चव्हाट्यावर मांडायचं. ते धाडस कोण करणार? अ‍ॅडमिनचे गृहस्थ फॉर्म हातात घेऊन फक्त एवढंच म्हणायचे, "नाऊ ओके, सर? टॅब्लेट लेते हैं ना?" सर सांगायचे, घेतो म्हणून. त्यांच्या बोलण्यात मी ऐकलेलं हे एकमेव खोटं.

मंगळवारमागेही त्यांचं शास्त्र होतं. "इथे आठवडा शनिवारी सुरू होतो. तीन दिवस माणूस स्वतःची समजूत घालतो. मंगळवारी समजूत संपते."

मी शारजात राहायचो, तेही शारजात. दुबईत घर परवडलं असतं तर शारजात कोण राहिलं असतं! त्यांच्या गाडीत मी रोज जायचो आणि यायचो. सकाळी दीड तास, संध्याकाळी देवाची मर्जी. गाडीत डॅशबोर्डवर एक जाडजूड डिक्शनरी असायची. उन्हाने तिचा गोंद वितळला होता, पुठ्ठा गळून पडला होता, आणि एकदा खिडकी उघडी राहिल्यामुळे ए ते एल ही अक्षरं हायवेवर उडून गेली होती. उरलेली एम ते झेड त्यांनी रबरबँडमध्ये बांधून ठेवली होती. पुढच्या सीटवर बसणाऱ्याने ती मांडीवर घ्यायची, रोज एक पान वाचून दाखवायचं, आणि त्यातला एक शब्द दिवसभर वापरायचा, असा नियम होता. मी एस्टिमेशन इंजिनियर. पत्र्याचे चौरस मीटर मोजणाऱ्या माणसाला असल्या शब्दांचा काय उपयोग, असं मी एकदा विचारलं. "उपयोगाच्या वस्तूंनी तुझं घर भरलंय की," ते म्हणाले. "एखादी बिनउपयोगाची असू दे."

घर भरलं होतं हे खरंच होतं. नवा फ्रीज, नवा टीव्ही, मोठा व्हिडिओ कॅमेरा. मुलगी चांगल्या शाळेत, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि त्याचाही आम्हाला अभिमान. पुण्याला फोन केला की आई विचारायची, "मजेत ना?" मी म्हणायचो, "एकदम." गल्फमधल्या माणसाने मजेत असणं हा व्हिसाच्या अटींतलाच भाग असावा. दुःखी व्हायचं असेल तर किमान पुण्यात तरी राहायचं.

अशात एका मंगळवारी, कसलंही कारण नसताना, मी गाडीतून उतरू शकलो नाही.

आम्ही अल क्वोजला पोचलो. सरांनी गाडी शेडखाली लावली. मी दाराच्या कडीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. ऑफिसचं दार समोर वीस पावलांवर होतं. आत माझं टेबल, माझी ड्रॉइंग्ज, माझा चहाचा मग. ते सगळं आठवलं आणि मला लहान मुलासारखं रडू येईल असं वाटलं. रडूही आलं नाही. घरी भांडण नव्हतं, तब्येत बरी होती, प्रमोशनची बोलणी चालली होती. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. निदान कोणी वारलं तरी असायला हवं होतं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "उतरू नकोस."

एसी चालू ठेवून ते आत गेले, स्वेटर न चढवताच. परत आले तेव्हा हातात दोन फॉर्म होते. दोन्हीवर कारण एकच. माझा फॉर्म त्यांनी माझ्या मांडीवर, डिक्शनरीवर ठेवला.

"वाच आणि सही कर. न वाचता सही करायची नाही, या देशात तर अजिबात नाही."

मी वाचलं. एवढ्या दिवसांत आपल्याला काय होतंय हे कुणीतरी पहिल्यांदाच लिहून दिलं होतं. मी सही केली. ते पुन्हा आत गेले आणि मंजुरी घेऊन आले. मग आम्ही बर दुबईला गेलो, देवळाच्या गल्लीतून खाडीवर उतरलो आणि अब्रात बसलो. अब्रा म्हणजे लाकडी होडी, प्रवाशांना या काठावरून त्या काठावर नेणारी. पलीकडे पोचलो, सगळे उतरले, आम्ही बसून राहिलो. परत आलो. पुन्हा गेलो. तिसऱ्या फेरीला बांगलादेशी होडीवाल्याने विचारलं, "जाना किधर है आपको?"

"कहीं नहीं," सर म्हणाले. "यल्ला, चलो."

होडीत ते दुपारपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. काय झालं विचारलं नाही, व्यायाम कर म्हणाले नाहीत, तुझ्यापेक्षा वाईट अवस्थेत किती लोक आहेत तेही सांगितलं नाही. त्यांची ती रजा म्हणजे हेच असायचं हे मला त्या दिवशी कळलं. दुपार कलल्यावर मला भूक लागली. कितीतरी आठवड्यांनी लागली होती. मी तसं सांगितल्यावर ते म्हणाले, "चला, वर आलास," आणि मीना बझारमध्ये त्यांनी मला दोन प्लेट पावभाजी खाऊ घातली. त्या माणसाने मला त्या दिवशी वाचवलं, हे आज सरळ लिहितो. पण जेव्हा सरळ सांगायची वेळ आली, तेव्हा मी काय केलं ते पुढे येतंच आहे.

दोन हजार साल उजाडलं आणि कंपनीला एचआरची बाधा झाली. नवा एचआर मॅनेजर चक्क मराठी, पुण्याचा. आपला माणूस आला म्हणून आम्ही खूश झालो. त्या आनंदाला जेमतेम पंधरवडा मिळाला. पत्र्याच्या कारखान्यात टाय लावून फिरणारा तो पहिलाच. त्याने आल्या आल्या जुन्या रजांच्या फाइली उपसल्या. व्हायरलच्या एवढ्या साथींबद्दल त्याला काही वाटलं नाही. व्हायरल हा मान्यताप्राप्त आजार आहे. मबल-फबल्सवर मात्र तो अडला, आणि इतक्या वर्षांत कुणी केलं नव्हतं ते त्याने केलं. त्याने इंटरनेटवर शब्दाचा अर्थ शोधला.

"सर, धिस इज नॉट अ मेडिकल कंडिशन," त्याने त्यांना केबिनमध्ये सांगितलं. दार उघडंच होतं, आणि आम्ही सगळे ड्रॉइंग्ज बघत असल्याचं नाटक करत होतो. "हा मूड झाला. मूडवर सिक लीव्ह नाही देता येत. खोटं कारण देऊन रजा घेतली असा अर्थ होतो त्याचा. टर्मिनेशन होऊ शकतं."

"खोटं कुठलं? डिक्शनरीत आहे."

"मी मार्ग काढतो ना. तुम्ही फक्त लिहून द्या की त्या दिवसांत तुम्हाला ताप होता. आपण फाइल क्लोज करू."

"पण मला ताप नव्हता."

"अहो, सगळेच लिहितात!"

"म्हणून तर तुम्हाला माझाच फॉर्म खोटा वाटला."

त्याने चौकशी लावली. गाडीत बरोबर असणारा म्हणून दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. बोलावणं नुसतं गाडीबद्दल असेल असं मला वाटलं होतं. त्याने फाइलीतून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. माझा फॉर्म होता.

"हे तुमचंच ना? तुम्हालाही झालं होतं हे?"

उत्तर 'हो' असं होतं. एका अक्षराचं. माझ्यापुढे त्या क्षणी प्रमोशनचं पत्र होतं, मुलीची शाळा होती, पुण्यात आईची करून दिलेली समजूत होती. आणि त्याहून जास्त, टायवाल्या माणसासमोर आपण एकदा गाडीतून उतरू शकलो नव्हतो हे सांगायची लाज होती. नंतर पुष्कळ वर्षं मी प्रमोशनचं नाव पुढे केलं. खरं कारण लाज हेच.

"सही माझी आहे," मी म्हणालो. "कारण त्यांनी लिहिलं. मला व्हायरल होता."

"आय सी," तो म्हणाला, आणि त्याने ते लिहून घेतलं. मी वाचून सही केली. न वाचता सही करायची नाही हे मला शिकवलेलंच होतं.

माझ्या त्या एका ओळीने त्याचं काम सोपं झालं. आता आरोप निव्वळ स्वतःच्या रजेचा राहिला नाही, दुसऱ्यांच्या फॉर्मवरही खोटी कारणं भरल्याचा झाला. सरांना महिन्याची नोटीस मिळाली. पत्रात माझं वाक्य माझ्या नावासकट होतं. सरांनी ते पत्र लाल पेनने तपासलं, चार चुका दुरुस्त केल्या, खाली 'ठीक' असा शेरा मारला आणि एचआरला परत पाठवलं. लेबनीज जीएम हळहळले, "व्हाय, हबीबी, व्हाय?" असं दोनदा म्हणाले आणि सुटीवर निघून गेले.

त्या संध्याकाळी मी गाडीपाशी उभा राहिलो. म्हटलं, "सर, उद्यापासून मी दुसरी सोय बघतो."

"का? रस्ता बदलला का तुझा?"

मग महिनाभर आम्ही एकाच गाडीतून गेलो आणि आलो. त्यांच्यासारख्या माणसाने रागावून मला रस्त्यात उतरवायला हवं होतं. मला ते फार सोपं गेलं असतं. पण ते रोज सकाळी मला घ्यायला वेळेवर हजर. मी दार उघडून बसलो की डिक्शनरी माझ्या मांडीवर यायची आणि ते अगदी आस्थेने विचारायचे, "काय, ताप उतरला का?"

मी पान उघडून वाचायला लागायचो. पुढचा दीड तास गाडी इंचाइंचाने सरकायची. एवढा ट्रॅफिक जाम मी त्या महिन्याआधी कधी पाहिला नव्हता, आणि जाम नेहमीएवढाच होता.

शेवटच्या दिवशीही त्यांनी तेच विचारलं. शेवटच्या दिवशीही मी पान उघडलं.

सरांची नोकरी गेली, पण देश सुटला नाही. वहिनी शारजातल्या एका शाळेत शिक्षिका होत्या, त्यांच्या व्हिसावर ते राहिले. आमच्या मराठी मंडळींनी त्यावर हळदीकुंकवापासून गणपतीपर्यंत यथेच्छ चर्चा केली. नवरा बायकोच्या व्हिसावर म्हणजे अगदीच बाई काहीतरी. मीही त्या घोळक्यात उभा असायचो आणि प्लेटमधली खिरापत संपवायचो. सर घरी इंग्रजीच्या शिकवण्या घेतात असं कळलं. त्यांचं घर माझ्या घरापासून दहा मिनिटांवर होतं. ते अंतर कापायला मला तीन वर्षं लागली. शारजाच्या ट्रॅफिकलाही इतकं जमलेलं नाही.

मधल्या काळात माझं प्रमोशन झालं, स्वतःची गाडी आली. रजेचे फॉर्म आता माझ्याकडे मंजुरीला यायचे. फॉर्म जाऊन कॉम्प्युटर आला होता आणि कारणाच्या जागी यादी होती, तिच्यातलं एक निवडायचं. एचआर मॅनेजर अधिक बरी नोकरी मिळवून निघून गेला होता. जाण्याआधीच्या आठवड्यात त्याला व्हायरल झाला होता.

आणि मग पुन्हा एक मंगळवार. अल क्वोज, तीच शेड, माझी नवी गाडी, आणि दाराच्या कडीवर ठेवलेला हात. या वेळी शेजारी कुणी नव्हतं. 'उतरू नकोस' म्हणणारा माणूस मीच घालवला होता. मी ऑफिसला फोन लावला आणि माझ्या तोंडून सवयीने, अगदी सफाईने आलं, "व्हायरल आहे जरा."

फोन ठेवला आणि मला स्वतःची जी किळस आली, तिला कुठल्या डिक्शनरीत शब्द असेल तर तो हरवलेल्या पानांत असावा. मी गाडी वळवली. दुपारी दोनच्या सुमाराला सरांच्या मजल्यावर उभा होतो. दारावर पुठ्ठ्याची पाटी होती, अक्षर ओळखीचं : 'मंगळवारी शिकवणी नाही. कारण : मबल-फबल्स.' नोकरी गेल्यावर मासिक रजा साप्ताहिक झाली होती तर.

वहिनींनी दार उघडलं. त्या शाळेतून नुकत्याच आल्या असाव्यात, ओळखपत्र अजून गळ्यात होतं. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं असलं तरी त्यांनी दाखवलं नाही.

"भावजी, आज त्यांचा दिवस आहे. आज ते कुणाला भेटत नाहीत."

"असू दे वहिनी. मग नंतर कधीतरी…"

"एक नियम आहे." त्यांनी दार आणखी उघडलं नाही आणि लावलंही नाही. "तोच त्रास असलेला कुणी आला तर आत सोडायचं. नियम त्यांचा आहे, माझा नाही. पण विचारावं मला लागतं." त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या. नोटिशीचं पत्र त्यांनीही वाचलेलं होतं. "तुम्हाला झालाय कधी?"

तोच प्रश्न. पुन्हा एका अक्षराचंच उत्तर. जिन्यात शेजारची बाई कचऱ्याची पिशवी घेऊन थांबली होती आणि ऐकत होती.

"हो," मी म्हणालो. "तेव्हाही झाला होता. आत्ताही झालाय."

वहिनी बाजूला झाल्या.

सर खिडकीपाशी पाठमोरे बसले होते. केस पिकले होते, स्वेटर तोच होता. शेजारच्या स्टुलावर रबरबँड बांधलेली डिक्शनरी. मी मागे जाऊन उभा राहिलो.

मान न वळवता त्यांनी विचारलं, "ताप उतरला का?"

"ताप नव्हताच, सर."

त्यांनी स्टुलावरची डिक्शनरी उचलून आपल्या मांडीवर घेतली.

"मग बस," ते म्हणाले.